पाश्चात्त्य तत्त्वज्ञान वाचायचंय? आधी ‘क्रिटो’ हातात घ्या

‘तत्त्वज्ञान वाचायचंय, कुठून सुरुवात करू?’ असं कुणी विचारलं की बहुतेक वेळा एखाद्या जाडजूड इतिहासाचं नाव सुचवलं जातं. वाचणारा तो ग्रंथ उत्साहानं घेतो. थेलीस म्हणाला सगळं पाण्यापासून झालं, अनॅक्सिमेनीस म्हणाला हवेपासून, पार्मेनिडीस म्हणाला बदल होतच नाही. पन्नासेक पानांनंतर खूण घातलेलं पुस्तक कपाटात जातं ते तिथेच राहतं. यात वाचणाऱ्याची चूक नाही. मत कुणाचंही असू शकतं; ते मानायला त्यानं कारण काय दिलं, तिथून तत्त्वज्ञान सुरू होतं. नुसती मतं एकापुढे एक वाचली तर हाती नावं लागतात, विचार लागत नाही.

माझी सुरुवात याहून अवघड जागी झाली. कॉलेजात असताना मी थेट जर्मन तत्त्वज्ञ कांटचा मुख्य ग्रंथ, ‘क्रिटिक ऑफ प्युअर रीझन’, उघडला, तीस पानांवर अडकलो आणि पुढची दोन वर्षं या विषयाच्या वाटेलाच गेलो नाही. पुढे एका शिक्षकांनी प्लेटोचा पंधरा-वीस पानांचा एक संवाद वाचायला दिला आणि म्हणाले, ‘हा वाच आणि यातलं तुला काय पटत नाही ते मला सांग.’ मला वाट सापडली ती तिथे. म्हणून या लेखाचा सगळा भर एकाच गोष्टीवर आहे: मूळ लेखकाचं छोटं पुस्तक हातात आणि त्याच्या शेजारी एक चांगला वाटाड्या. परिचयाची पुस्तकं म्हणजे हे वाटाडे. त्यांच्यासोबत चालायचं, पण चालायचं आपल्याच पायांनी.

पहिली पायरी : नावं बाजूला ठेवा, प्रश्न घ्या

टॉमस नेगेल या अमेरिकन तत्त्वज्ञाचं ‘व्हॉट डज इट ऑल मीन?’ हे १९८७ सालचं पुस्तक जेमतेम शंभर पानांचं आहे. त्यात तत्त्वज्ञांची जंत्री नाही, नऊ प्रश्न आहेत. आपल्याला काही कळतं ते कशावरून? दुसऱ्याला मन आहे हे कशावरून? मन आणि मेंदू एकच का? शब्दांना अर्थ कुठून येतो? माझी निवड खरंच माझी असते का? मग बरोबर-चूक, न्याय, मृत्यू आणि शेवटी आयुष्याचा अर्थ. उदाहरणं रोजच्या जगण्यातली आहेत. जेवणानंतर फळ घ्यायचं की चॉकलेट केक, असा प्रश्न होता आणि तुम्ही केक घेतला. ‘मी फळही घेऊ शकलो असतो’ असं दुसऱ्या दिवशी तुम्ही म्हणता, तेव्हा नेमकं काय म्हणता? एवढ्यावरून तो इच्छास्वातंत्र्याचा अख्खा प्रश्न उभा करतो.

इंग्रजी सोपं आहे. दोन रविवारांत पुस्तक होतं. संपल्यावर नऊपैकी जो प्रश्न डोक्यातून जात नाही तो निवडा आणि त्यावर एक पान मराठीत लिहा. मराठीतच लिहा, कारण इंग्रजीत लिहिताना पुस्तकातलीच वाक्यं परत उतरतात आणि आपल्याला कळलंय असा समज होतो. तीच गोष्ट मराठीत मांडायला बसलं की कुठे कळलेलं नाही ते लगेच उघडं पडतं.

दुसरी पायरी : एक नकाशा, एकच

आता इतिहासाचा एक धावता आढावा घ्यायला हरकत नाही. नायजेल वॉरबर्टन यांचं ‘अ लिटल हिस्टरी ऑफ फिलॉसॉफी’ (२०११) मी नवख्यांना पहिल्यांदा देतो. चाळीस छोटी प्रकरणं आहेत, सॉक्रेटिसपासून आजच्या पीटर सिंगरपर्यंत. रोज एक वाचलं तरी सहा आठवड्यांत होतं. खोली फार नाही, पण कोण कुणानंतर आला आणि कुणी कुणाला उत्तर दिलं हे डोक्यात बसतं. नकाशाकडून एवढंच हवं असतं.

विल ड्यूरांटचं ‘द स्टोरी ऑफ फिलॉसॉफी’ (१९२६) आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वाचलं गेलंय. भाषा सुरेख आहे, स्पिनोझावरचं प्रकरण तर माणूस समोर उभा करतं. पण नकाशा म्हणून त्यावर विसंबू नका. ॲरिस्टॉटलनंतर ते जवळपास उडी मारून फ्रान्सिस बेकनवर येतं, मधली मध्ययुगाची शतकं गळतात. देकार्तला स्वतंत्र प्रकरण नाही. ह्यूम येतो तो कांटच्या प्रकरणात, कांटकडे जाणाऱ्या वाटेवरचा एक मुक्काम म्हणून, आणि हर्बर्ट स्पेन्सरला मात्र पूर्ण प्रकरण मिळतं. शंभर वर्षांपूर्वी स्पेन्सर तेवढा मोठा वाटत होता हे त्यावरून कळतं. आज कुणी ती वाटणी तशी करणार नाही.

बर्ट्रंड रसेलचा पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास (१९४५) वाचनीय आहे आणि एकांगीही. लायब्नित्सवर तो अधिकारानं बोलतो, कारण त्याच्यावर त्यानं तरुणपणी स्वतंत्र पुस्तक लिहिलं होतं. नीत्शेवरचं प्रकरण महायुद्धाच्या काळात लिहिलेलं आहे, आणि तो राग पानापानांवर दिसतो. हा ग्रंथ दुसऱ्या वर्षी वाचा. तोवर रसेलशी भांडण्याइतकं तुमच्याकडे काही जमलेलं असेल. पहिल्या वर्षी त्याचंच ‘द प्रॉब्लेम्स ऑफ फिलॉसॉफी’ (१९१२) पुरे. समोरच्या टेबलापासून ते सुरू होतं: टेबलाचा रंग, आकार, कडकपणा यातलं खरोखर टेबलाचं किती आणि पाहणाऱ्याचं किती?

घरात चौदा-पंधरा वर्षांचं कुणी असेल तर यॉस्टाइन गार्डर यांची ‘सोफीज वर्ल्ड’ ही कादंबरी त्याच्यासाठी आणा. मूळ नॉर्वेजियन पुस्तक १९९१ चं.

तिसरी पायरी : ‘क्रिटो’

इथे घाई करू नका. प्लेटोचा हा संवाद दीड तासात वाचून होतो, पण त्याला दोन आठवडे द्या.

प्रसंग असा. इसवी सनापूर्वी ३९९. अथेन्सच्या न्यायसभेनं सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसला मृत्युदंड दिलाय. डिलॉसला गेलेलं पवित्र जहाज परत येईपर्यंत दंड अमलात आणता येत नाही, म्हणून तो तुरुंगात आहे. पहाट व्हायचीय. म्हातारा मित्र क्रिटो येऊन बसलाय आणि सॉक्रेटिस शांत झोपलाय, म्हणून त्याला उठवत नाही. जाग आल्यावर क्रिटो सांगतो: जहाज आज-उद्यात येईल, पैशांची सोय झालीय, थेसलीत माझी माणसं आहेत, चल. लोक काय म्हणतील, मित्रांनी पैसा वाचवला आणि याला मरू दिलं? तुझ्या मुलांचं काय?

ही कारणं आपल्या ओळखीची आहेत. आपल्या कुणावर अशी वेळ आली तर आपणही हेच बोलू. सॉक्रेटिस ती एकेक करून तपासतो. आधी ‘लोक काय म्हणतील’ हे घेतो: शरीर घडवणारा खेळाडू सगळ्यांचं ऐकतो की ज्याला त्यातलं कळतं त्याचं? मग न्याय-अन्यायाच्या बाबतीत सगळ्यांचं का ऐकायचं? पुढचं पाऊल अवघड आहे: अन्याय कधीच करायचा नाही, आपल्यावर झाला असला तरी उलट करायचा नाही. क्रिटो मान डोलावतो. शेवटी सॉक्रेटिस अथेन्सच्या कायद्यांनाच बोलायला लावतो. आम्ही तुला वाढवलं, शिकवलं. तुला आम्ही पटत नव्हतो तर शहर सोडून जायची मुभा होती. सत्तर वर्षं तू गेला नाहीस. खटल्यात हद्दपारीची शिक्षा मागू शकला असतास, मागितली नाहीस. आता पळून जाणं म्हणजे केलेला करार मोडणं.

वही घ्या आणि तीन रकाने पाडा. पहिल्यात: तो काय म्हणतोय. दुसऱ्यात: का म्हणतोय. तिसऱ्यात: यातलं कोणतं विधान मी नाकारू शकतो. संपूर्ण संवादाची अशी बारा-पंधरा ओळींची वही झाली पाहिजे. तिसरा रकाना रिकामा राहिला तर पुन्हा वाचा. शहरात राहिलो म्हणजे करार केला, हे खरं का? जायला पैसे नसलेल्या माणसानंही करार केलाच का? मुलाला आई-बापांनी वाढवलं म्हणून त्याच्यावर जे ऋण येतं तसंच देशाचं येतं का?

हे झाल्यावर त्याच खटल्यातलं सॉक्रेटिसचं भाषण, ‘अपॉलॉजी’, वाचा. तिथे तो न्यायसभेला सांगतो की तत्त्वचिंतन सोडण्याच्या अटीवर तुम्ही मला सोडलंत तरी मी ऐकणार नाही, तुमच्यापेक्षा देवाची आज्ञा मानीन. तुरुंगात कायदा मोडायला नकार देणारा आणि न्यायसभेत हुकूम मोडीन म्हणणारा माणूस एकच. हे दोन्ही एकत्र कसं बसतं? यावर अभ्यासक आजही वाद घालतात. तुम्हाला सुचलेलं उत्तर लिहून ठेवा, मगच वाटाड्या उघडा: प्लेटोसाठी ज्युलिया ॲनस, सॉक्रेटिससाठी सी. सी. डब्ल्यू. टेलर. दोघांची पुस्तकं ऑक्सफर्डच्या ‘व्हेरी शॉर्ट इंट्रोडक्शन’ मालेत आहेत.

एक लहानशी पण फार उपयोगाची गोष्ट. प्लेटोच्या कुठल्याही चांगल्या आवृत्तीत समासात ‘४३अ’, ‘५४इ’ अशा धर्तीचे आकडे आणि अक्षरं असतात. १५७८ च्या स्टेफानस आवृत्तीची ती पानं. भाषांतर कुठलंही असो, आकडे तेच राहतात, त्यामुळे दोन भाषांतरं समोरासमोर ठेवता येतात. बेंजामिन जोएट यांचं एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी भाषांतर प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहे, सुरुवातीला तेवढं पुरतं. अशीच सोय कांटच्या त्या मुख्य ग्रंथात ‘ए’ आणि ‘बी’ या अक्षरांनी असते: १७८१ ची पहिली आवृत्ती आणि १७८७ ची दुसरी.

वाटाडे कुठे भेटतात

ऑक्सफर्डच्या या मालेतली पुस्तकं खिशात मावणारी, साधारण दीडशे पानांची. दर्जा मात्र सारखा नाही. कांटवरचं रॉजर स्क्रूटन यांचं पुस्तक नीट आहे पण पहिल्या वाचनात जड जातं. हेगेलवरचं पीटर सिंगर यांचं आश्चर्य वाटावं इतकं स्वच्छ. ऐकून शिकणाऱ्यांनी ब्रायन मगी यांची १९८७ ची बीबीसीवरची संवादमाला शोधावी. प्रत्येक भागात एक जाणकार आणि एक-दोन तत्त्वज्ञ. मगी मध्येच थांबवून विचारतात, ‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय का, की...’ आणि तेच सगळं सोप्या शब्दांत परत मांडतात. नवख्याला नेमकं हेच हवं असतं. याच नावानं, ‘द ग्रेट फिलॉसॉफर्स’, संवादांचं पुस्तकही आहे.

मराठीत काय? आधी मराठी विश्वकोश. तो ऑनलाइन मोफत आहे आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञांवरच्या त्यातल्या नोंदी मे. पुं. रेगे यांच्यासारख्या जाणकारांनी लिहिल्या आहेत. रेग्यांची नोंद म्हणजे दाट विणीचं कापड, एक वाक्य गाळलं तर पुढचं समजत नाही. ती दोनदा वाचावी लागते आणि ते श्रम वाया जात नाहीत. दे. द. वाडेकर यांनी संपादित केलेला तीन खंडांचा ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोश’ आणि ग. ना. जोशी यांचा ‘पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाचा इतिहास’ दुकानांत सहज मिळणार नाहीत. जुन्या कॉलेजांच्या आणि शहरातल्या मोठ्या ग्रंथालयांत विचारा. परदेशात असाल तर विश्वकोश आणि इंग्रजीतला मोफत ‘स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया ऑफ फिलॉसॉफी’ यांवर बरंच भागतं. स्टॅनफर्डच्या नोंदी लांबलचक असतात. पहिल्या वेळी प्रस्तावना आणि हवा तो भाग एवढंच वाचा.

मराठी शब्दांबद्दल एक सावधगिरी. ‘विवेकवाद’ हा शब्द आपल्याकडे दोन अर्थांनी चालतो. देकार्त, स्पिनोझा, लायब्नित्स यांचा, ज्ञानाचा पाया इंद्रियानुभवात नसून बुद्धीत आहे असं मानणारा पक्ष, हा एक अर्थ. दुसरा अर्थ आगरकरांच्या परंपरेतला, दि. य. देशपांडे यांनी ‘आजचा सुधारक’मधून मांडलेला: पुराव्याशिवाय काही मानायचं नाही, श्रद्धेपेक्षा बुद्धीला प्रमाण मानायचं. पहिल्या अर्थानं ह्यूम विवेकवादाचा विरोधक ठरतो, दुसऱ्या अर्थानं पक्का विवेकवादी. वाचताना हा शब्द आला की कोणता अर्थ चाललाय ते आधी ठरवा. तेच ‘कल्पना’चं, म्हणजे इंग्रजीतल्या ‘आयडिया’चं. लॉकची कल्पना मनात असते. प्लेटोच्या ज्या तत्त्वाला इंग्रजीत जुनी माणसं तोच शब्द वापरत, ते मनात नाही, मनाबाहेर स्वतंत्र आहे.

चौथी पायरी : देकार्त आणि त्याच्यामागे ह्यूम

देकार्तची ‘मेडिटेशन्स’ (१६४१) म्हणजे सहा चिंतनं. पहिली दोन आणि सहावं वाचा. तिसऱ्यातला ईश्वरसिद्धीचा युक्तिवाद जड आहे, तो दुसऱ्या फेरीत. पहिल्या चिंतनात तो एकेक आधार काढून घेतो: इंद्रियं कधीकधी फसवतात, स्वप्नातही सगळं खरं वाटतं, आणि एखादा बलाढ्य दुष्ट मला सतत फसवत असेल तर? दुसऱ्यात पाय टेकायला जागा सापडते: फसवलं जातंय तरी फसणारा ‘मी’ आहे. त्याच चिंतनात मेणाच्या गोळ्याचं उदाहरण येतं. विस्तवाजवळ नेला की वास, रंग, आकार सगळं बदलतं, तरी आपण म्हणतो हे तेच मेण. हे ‘तेच’ कुठल्या इंद्रियानं कळलं?

देकार्त वाचण्यातली मोठी सोय अशी की त्याचे विरोधक त्याच पुस्तकात भेटतात. छापण्याआधी त्यानं हस्तलिखित विद्वानांकडे पाठवलं आणि त्यांचे आक्षेप आपल्या उत्तरांसकट प्रसिद्ध केले. आर्नोचा आक्षेप बघा: जे स्पष्ट दिसतं ते खरं, याची हमी ईश्वर देतो; आणि ईश्वर आहे हे कशावरून, तर ते स्पष्ट दिसतं म्हणून. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याला एका शब्दात अन्योन्याश्रय म्हटलं असतं. आणि बोहेमियाची राजकन्या एलिझाबेथ हिचं १६४३ चं पत्र चुकवू नका. आत्मा जर केवळ विचार करणारा असेल, त्याला लांबी-रुंदी काहीच नसेल, तर तो शरीराला हलवतो कसा? एवढंच ती विचारते. देकार्तला तिचं समाधान करता आलं नाही.

ह्यूमचा पहिला मोठा ग्रंथ त्याच्याच शब्दांत छापखान्यातून मृतच जन्माला आला. त्यातला गाभा त्यानं १७४८ मध्ये ‘एन्क्वायरी’त सोप्या रूपात मांडला. चौथा आणि पाचवा भाग वाचा. बिलियर्डचा एक चेंडू दुसऱ्यावर आदळतो, दुसरा सरकतो. आपल्याला आदळणं दिसलं, सरकणं दिसलं. ‘सरकायलाच हवं होतं’ हे कुठे दिसलं? कालपर्यंत भाकरीनं पोट भरलं म्हणून उद्याही भरेल, हे कशावरून? आजवर असंच होत आलंय म्हणून, असं म्हणाल तर जे सिद्ध करायचं तेच आधी धरून चाललात. ह्यूमचं उत्तर: आपण हे सवयीनं मानतो, तर्कानं नाही. चार्वाकांनी व्याप्तीवर, म्हणजे ‘धूर तिथे अग्नी’ अशा कायमच्या संबंधावर, घेतलेला आक्षेप इथे अनेकांना आठवेल. तो मनात ठेवा, पण ‘हे आपल्याकडे आधीच होतं’ म्हणून पुस्तक मिटू नका. दोघांची कारणं शेजारी ठेवून बघितलीत तर फरकही दिसतील, आणि शिकायचं बरंचसं त्या फरकांत आहे.

सतराव्या-अठराव्या शतकातलं इंग्रजी बोजड वाटलं तर जोनाथन बेनेट यांची ‘अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स’ ही साइट उघडा. देकार्त, लॉक, ह्यूम, कांट यांची पुस्तकं त्यांनी आजच्या सोप्या इंग्रजीत करून मोफत ठेवली आहेत, मधल्या चौकटी कंसांत स्वतःचे खुलासेही दिले आहेत. मला हे माझ्या कॉलेजच्या दिवसांत मिळायला हवं होतं.

पाचवी पायरी : कांट, पण मागच्या दारानं

मुख्य ‘क्रिटिक’ सध्या बाजूला ठेवा. आधी १७८४ चा ‘प्रबोधन म्हणजे काय?’ हा काही पानांचा निबंध. स्वतःच्या बुद्धीनं विचार करायचं धाडस कर, हे त्याचं सूत्र. मग नीतीवरचं १७८५ चं छोटं ‘ग्राउंडवर्क’, निदान पहिले दोन भाग. दुकानदाराचं उदाहरण बघा: गिऱ्हाईक तुटू नये म्हणून जो लहान मुलालाही योग्य भावानं माल देतो, त्याच्या प्रामाणिकपणाला नैतिक मोल आहे का? आणि परत न करण्याचा बेत मनात ठेवून उसने पैसे मागणाऱ्याचं: सगळ्यांनीच खोटी वचनं द्यायची ठरवली तर ‘वचन’ ही चीजच उरेल का? ज्ञानमीमांसेकडे, म्हणजे आपल्याला कळतं ते कसं या प्रश्नाकडे, वळायचं तेव्हा १७८३ चं ‘प्रोलेगोमेना’ घ्या. ह्यूमनं आपल्याला झोपेतून जागं केलं, अशी कबुली कांट त्यातच देतो. ह्यूम आधी वाचलेला असला की या कबुलीचं वजन कळतं.

मराठी वाचकाला इथे एक वेगळा वाटाडा आहे. टिळकांच्या ‘गीतारहस्या’त (१९१५) ‘आधिभौतिक सुखवाद’ आणि त्यापुढची प्रकरणं हॉब्ज, बेंथम, मिल यांच्याशी वाद घालतात आणि कांट आणि इंग्रज तत्त्वज्ञ टी. एच. ग्रीन यांना जवळ करतात. टिळक तटस्थ नाहीत, ते वकिली करताहेत. म्हणूनच आधी मूळ मिल वाचा आणि मग टिळकांचा त्यावरचा हल्ला. मिलच्या ‘ऑन लिबर्टी’ (१८५९) मधलं दुसरं प्रकरण, मतस्वातंत्र्याचं, एका बैठकीत होतं. दाबलेलं मत खरं असू शकतं. अंशतः खरं असू शकतं. आणि पूर्ण चूक असलं तरी त्याच्याशी झगडल्याशिवाय आपलं खरं मतही पाठ केलेल्या मंत्रासारखं निर्जीव होतं. हे वाचून आगरकरांचे निबंध उघडलेत तर मिल तिथे कसा मुरलाय ते ओळीओळीत दिसेल.

नीत्शे, हायडेगर, विट्गेन्श्टाइन यांचं आकर्षण मोठं असतं, पण ते ज्यांच्याशी भांडतात त्यांना ओळखल्याशिवाय भांडण कळत नाही. नीत्शे घ्यायचाच असेल तर १८८७ चं ‘जिनिऑलॉजी’ घ्या, तीन निबंधांचं. ‘विल टू पॉवर’नं सुरुवात करू नका, ते पुस्तक त्यानं तसं लिहिलेलंच नाही, त्याच्या टिपणांतून बहिणीनं आणि सहकाऱ्यांनी नंतर जुळवलंय.

एवढं सगळं व्हायला वर्ष लागेल, नोकरी-घर सांभाळून कदाचित दीड. सोबत कुणी मिळालं तर फार बरं. दोघं-तिघं, पंधरा दिवसांतून एकदा, एका वेळी मूळ पुस्तकाची दहा-बारा पानं मोठ्यानं वाचायची. पानं कमी झाली तरी चालतील, वाचून न येणारा माणूस मात्र चालणार नाही.

वर्ष सरलं की ‘क्रिटो’ची ती जुनी वही काढा आणि तिसरा रकाना पुन्हा भरा. या वेळी कांटला विचारता येईल: शिक्षा झालेल्या प्रत्येकानं पळून जायचं ठरवलं तर कायदा उरेल का, आणि शिक्षा अन्यायाची असेल तर नियम कोणता म्हणून धरायचा? मिलला विचारता येईल: सॉक्रेटिस जिवंत राहण्यात अथेन्सचं हित जास्त होतं की मरण्यात? ह्यूमनं तर मूळ करारावर स्वतंत्र निबंधच लिहिलाय. झोपेत असताना ज्याला जहाजावर चढवलं, तो जहाजावर आहे म्हणजे त्यानं कप्तानाचा अधिकार मान्य केला का, असं तो तिथे विचारतो. तो प्रश्न अथेन्सच्या कायद्यांसमोर ठेवा आणि त्यांचं उत्तर त्याच रकान्यात लिहा.